अर्धी सुटलेली डिग्री दूरशिक्षणातून पुरी करताना: जुनी क्रेडिट आणि जुने मार्क यांचं काय होतं

"माझी दोन वर्षं झालेली आहेत, मला सरळ तिसऱ्याला बसवा." वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी एका अभ्यासकेंद्राच्या खिडकीत मी हे वाक्य चांगलं ठसक्यात टाकलं होतं. पलीकडचे केंद्रसंयोजक चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, वर्षं नका सांगू, पेपर सांगा. कुठले, किती मार्कांचे, कुठल्या साली सुटले?" मला चार पेपरांची नावंसुद्धा धड सांगता आली नाहीत.

2003 साली सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दोन केट्या लागल्या, म्हणजे दोन पेपर राहिले, त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं आणि डिग्री राहिली ती राहिलीच. मग मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवर हिशेबाची नोकरी. 2022 मध्ये पुन्हा प्रवेश घेतला आणि बेचाळिसाव्या वर्षी पदवी हातात आली. तेव्हापासून गल्लीतलं, नात्यातलं, अडतीवरचं कुणीही अर्धवट शिक्षण घेऊन उठतं आणि माझ्याकडे येतं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

1. तुमच्या गाठीला नक्की काय आहे ते बघा

जुनं शिक्षण घेऊन येणारी माणसं तीन तऱ्हेची असतात आणि तिघांना नियम वेगळे लागतात.

पहिली तऱ्हा माझ्यासारख्यांची, वार्षिक पॅटर्नवाली. गुणपत्रकावर शंभरपैकी मार्क आहेत, क्रेडिट हा शब्दच नाही. दुसरी, सेमिस्टरवाली. गुणपत्रकावर क्रेडिट आहेत, ग्रेड आहे, पण शिक्षण 2021 च्या आधीचं आहे. तिसरी, 2021-22 च्या शैक्षणिक वर्षात किंवा त्यानंतर शिकलेली. यांची क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणजे एबीसीत जमा होऊ शकतात. त्याआधीची क्रेडिट या बँकेतून फिरवता येत नाहीत, नियमच तसा आहे. त्यामुळे "आता सगळं ऑनलाइन झालंय, तुझं जुनं पण आपोआप येईल" असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि गुणपत्रक शोधायला लागा. पहिल्या दोन तऱ्हांना कागदावरूनच लढायचं आहे.

क्रेडिट म्हणजे काय, हेही इथेच सांगते. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात 30 तासांच्या अभ्यासाला 1 क्रेडिट धरलं आहे आणि 1200 तासांच्या वर्षाला 40. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 लागतात. महाराष्ट्रात वर्षाला 40 ते 44 असा हिशेब आहे, म्हणून गुणपत्रकावर 132 दिसले तर दचकू नका. आमच्या मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांत याला श्रेयांक म्हणतात. खिडकीत मात्र सगळे क्रेडिटच म्हणतात.

तिसऱ्या तऱ्हेतल्या मुलामुलींना एक सांगायचं आहे. नवीन आराखड्यात पहिल्या वर्षाची 40 क्रेडिट पुरी करून, वर 4 क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स करून बाहेर पडलात तर सर्टिफिकेट मिळतं. दोन वर्षं आणि 80 क्रेडिट झाली आणि तसाच 4 क्रेडिटचा कोर्स केला तर डिप्लोमा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत डिग्री पुरी करायची असते. नुसतं कॉलेजला जायचं बंद करू नका, रीतसर बाहेर पडा. आमच्या वेळी ही सोय असती तर निदान भिंतीवर लावायला काहीतरी असतं.

2. कागद गोळा करा, आणि यालाच जास्त दिवस धरा

सांगलीत कागदांचा विषय निघाला की महापूर येतोच. 2005, 2019, 2021. आमचं घर गावभागात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरलं तेव्हा आधी गॅसची टाकी, मग धान्य, मग सासूबाईंची औषधं वर चढवली. लोखंडी पेटी खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर पहिल्या वर्षाचं गुणपत्रक लग्नपत्रिकेला चिकटून बसलेलं. शाई पसरलेली, पण बैठक क्रमांक वाचता येत होता. त्या एका आकड्यावर माझी दुय्यम प्रत निघाली. म्हणून कागद खराब झाला असला तरी टाकू नका. बैठक क्रमांक, परीक्षेचं साल आणि महिना एवढं दिसत असलं तरी अर्धं काम झालं. नवीन मुलांना पीआरएन, म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांक असतो, तो मिळाला की शोध सोपा जातो.

दुय्यम प्रत कुणाकडे मागायची यात गल्लत होते. शिवाजी विद्यापीठ 1962 साली कोल्हापुरात सुरू झालं आणि सांगली, सातारा, कोल्हापूर हे जिल्हेही त्याच्या कक्षेत आले. तेव्हा सांगलीच्या संलग्न कॉलेजात शिकलेल्याचं गुणपत्रक कोल्हापूरचं, कॉलेजचं नव्हे. साताऱ्यात आणखी एक गंमत आहे. तिथली छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज ही तीन कॉलेजं 2021 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात गेली. पण 2005 साली तिथे शिकलेल्याला जुनं गुणपत्रक नव्या विद्यापीठात मागून मिळणार नाही, कारण ते दिलेलं आहे शिवाजी विद्यापीठानं. कॉलेज तेव्हा कुणाचं होतं ते बघायचं, आज कुणाचं आहे ते नाही.

लागणारे कागद: दहावी-बारावीची गुणपत्रकं, सुटलेल्या प्रत्येक सेमिस्टरचं किंवा वर्षाचं गुणपत्रक, कॉलेज सोडल्याचा दाखला, आणि विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन, म्हणजे जुन्या विद्यापीठाचा स्थलांतराचा दाखला. मध्ये बरीच वर्षं गेली असतील तर काही ठिकाणी गॅप सर्टिफिकेट, म्हणजे स्टँपपेपरवरचं प्रतिज्ञापत्र मागतात. एवढं सगळ्यांना माहीत असतं. विसरतात तो असतो अभ्यासक्रम. तुम्ही ज्या साली शिकलात त्या सालचा छापील सिलॅबस, कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी. तो नसेल तर नवीन विद्यापीठ तुमचा पेपर कशाशी जुळवणार? नुसत्या नावावरून नाही जुळवत. "अकाउंटन्सी पेपर 1" या नावाखाली जगात काय काय शिकवलं जातं.

बायकांसाठी वेगळी ओळ: गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणी दाखला आणि बहुतेक ठिकाणी नावबदलाचं राजपत्र लागतं. हे प्रवेशाच्या आधी करून ठेवा. प्रवेशानंतर केलंत तर एका नावाचं पहिलं वर्ष आणि दुसऱ्या नावाचं तिसरं वर्ष असा संसार होतो, आणि तो जुळवायला पुन्हा खेटे.

3. जिथे जायचं ती जागा खरी आहे का

ही पायरी छोटी आहे, पण चुकली तर बाकी सगळं फुकट. दूरशिक्षणाचा कोर्स चालवायला यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोची मान्यता लागते. मान्यता नुसती विद्यापीठाला नसते, कोर्सला असते आणि सत्राला असते. म्हणजे विद्यापीठ चांगलं, कोर्स जुना, पण यंदाच्या यादीत नाही, असं होऊ शकतं. यादी ब्युरोच्या संकेतस्थळावर असते. 2024 पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो एबीसी आयडीवरून निघतो आणि एकदाच काढायचा असतो.

आपल्याकडच्या लोकांचे नेहमीचे रस्ते तीन: नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, जे 1989 मध्ये सुरू झालं, दिल्लीचं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, 1985 चं, आणि शिवाजी विद्यापीठाचं स्वतःचं दूरशिक्षण केंद्र. इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, वकिली यांची डिग्री दूरशिक्षणातून मिळत नाही. कुणी देतो म्हणाला तर चहा पिऊन उठा. "एका वर्षात डिग्री, मागच्या तारखेनं" अशी पाटी स्टँडच्या आसपास दिसली तर चहाही नको.

"बाहेरून केलेली डिग्री चालते का?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. चालते. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, असं यूजीसीनं सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

4. एबीसी हे पासबुक आहे, तिजोरी नाही

पतसंस्थेत खातं असणाऱ्याला एबीसी पटकन कळतं. डिजीलॉकर या सरकारी ॲपवर आधारनं खातं उघडायचं, 12 आकडी नंबर मिळतो. आता त्याला अपार आयडी म्हणतात. क्रेडिट तुम्ही स्वतः भरू शकत नाही, ती तुमचं विद्यापीठ भरतं. तुम्ही फक्त बघायचं. भरलेली नसतील तर जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन अर्ज द्यायचा. माझ्या पुतण्याची दोन सेमिस्टर अशीच दिसत नव्हती, कारण कॉलेजात दिलेलं नाव आणि आधारवरचं नाव यांत वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगचं एक अक्षर इकडचं तिकडे होतं.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. क्रेडिटचं आयुष्य जास्तीत जास्त सात वर्षं, काही कोर्सना त्याहूनही कमी. एका पदवीसाठी क्रेडिट खर्ची टाकली की ती खात्यातून गेली, तीच क्रेडिट दुसऱ्या पदवीला वापरता येत नाहीत. आणि ज्या संस्थेची पदवी हवी आहे तिथून किमान 50 टक्के क्रेडिट मिळवावी लागतात. म्हणजे 120 पैकी 100 दुसरीकडून आणीन आणि 20 इथे करीन, हे जमणार नाही. निम्मी तरी घरची हवीत.

स्वयम्‌वरचे (केंद्र सरकारच्या शिक्षण पोर्टलवरचे) ऑनलाइन कोर्सही यातच येतात. 2021 च्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम्‌वरून करायला विद्यापीठ परवानगी देऊ शकतं. "देऊ शकतं" हे शब्द वाचा. आधी विचारा, मग नाव नोंदवा. नुसतं पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र पुरत नाही, केंद्रावर जाऊन द्यायची शेवटची परीक्षा पास व्हावी लागते.

5. जुळवणी कशी होते

अभ्यासकेंद्रातला माणूस कितीही भला असला तरी जुळवणी त्याच्या हातात नसते. तो फाइल पुढे पाठवतो. निर्णय विद्यापीठाच्या मुख्यालयात होतो. म्हणून "होऊन जाईल हो ताई" हे वाक्य ऐकून फी भरू नका.

जुळवणीच्या दोन पद्धती मी पाहिल्या. एक पेपरनिहाय: तुमचा जुना पेपर, त्याची क्रेडिट, त्याची पातळी आणि सिलॅबस समोर ठेवायचा, नव्या कोर्समधल्या पेपराशी ताडायचा. जुळला तर सूट. दुसरी वर्षनिहाय: पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, नसेल तर काही नाही.

माझ्या वाट्याला दुसरी पद्धत आली. पहिलं वर्ष पूर्ण होतं, ते धरलं. दुसऱ्या वर्षाचे पाच पेपर सुटलेले आणि दोन केट्या. वर्ष अपूर्ण, म्हणून ते पाचही पेपर पाण्यात. मी म्हटलं, त्या दोन केट्या जुन्या कॉलेजातून सोडवून आणते. तिथे कळलं की तो पॅटर्न केव्हाच बंद झालाय, त्या पेपरांची परीक्षाच आता होत नाही. वीस वर्षांनी गेल्यावर दुसरं काय होणार! तुमचा पॅटर्न अजून चालू असेल, केटीची एखादी संधी उरली असेल, तर आधी ती केटी सोडवा. दूरशिक्षणाकडे नंतर वळा. एका पेपराच्या आळसानं पाच पेपर जातात.

नापास पेपर कुठेच जुळत नाही, हे सांगायला नको. पण अर्धा सुटलेलाही जुळत नाही. अंतर्गत गुणांत पास, लेखीत नापास असेल तर ते अंतर्गत गुण सोबत येतील ही आशा सोडा. पासाची रेषाही विद्यापीठागणिक वेगळी, कुठे 35, कुठे 40. तुमचे 36 जुन्या ठिकाणी पास होते, नव्या ठिकाणी त्याला सूट मिळेलच असं नाही.

6. क्रेडिट आलं, मार्क कुठे गेले?

हा लेख लिहायला घेतला तो खरं तर या पायरीसाठी.

पहिल्या वर्षाला मला 71 टक्के होते. वीस वर्षं मी ते सांगत आले, पाहुण्यांना, जावांना, पोरीला. पुन्हा शिकताना घर, अडत, सासूबाईंचं आजारपण सांभाळून दुसऱ्या वर्षाला 58 आणि तिसऱ्याला 59 पडले. मनात हिशेब केला: 71, 58, 59, सरासरी साडेबासष्टच्या वर. फर्स्ट क्लास! पेढ्यांची ऑर्डरसुद्धा मनात दिली. अंतिम गुणपत्रक आलं तर पहिल्या वर्षाच्या रकान्यात मार्कच नाहीत, नुसतं "सूट". क्लास उरलेल्या दोन वर्षांवर काढलेला: 58.5 टक्के, सेकंड क्लास. दीड टक्का कमी. तक्रार घेऊन गेले तर समोरच्यानं माहितीपुस्तिका उघडून पान दाखवलं. नियम तिथे छापलेला होता. मी प्रवेश घेताना फक्त फीचं पान वाचलं होतं.

म्हणजे क्रेडिट आणि ग्रेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रेडिट सांगतं की हा पेपर तुला पुन्हा द्यायचा नाही. त्या पेपरचे मार्क अंतिम निकालात मिसळणार की नाही, हा वेगळा प्रश्न. काही ठिकाणी मिसळतात, काही ठिकाणी सूट म्हणून बाजूला ठेवतात.

आकड्यात बघा. समजा तुमची जुनी 40 क्रेडिट आहेत, सीजीपीए (सगळ्या ग्रेडची दहापैकी सरासरी) 5.2, कारण तेव्हा लक्ष क्रिकेटकडे होतं. आता 80 क्रेडिट नव्यानं केली, सीजीपीए 7.9. सगळं मिसळलं तर 40 गुणिले 5.2 म्हणजे 208, 80 गुणिले 7.9 म्हणजे 632, बेरीज 840, भागिले 120, उत्तर 7.0. न मिसळता फक्त नवीन धरलं तर 7.9. या माणसानं न मिसळणारं विद्यापीठ बघावं. आता उलटं घ्या: जुनी 40 क्रेडिट 8.5 ची, नवीन 80 साडेसहाची. मिसळलं तर 7.17, न मिसळता 6.5. याला मिसळणारं परवडतं. तेव्हा आधी स्वतःचा हिशेब मांडा, मग विद्यापीठ निवडा. मी उलटं केलं.

या गुणाकारात अजून एक खुबी आहे. ग्रेडची साधी सरासरी काढत नाहीत, क्रेडिटचं वजन लावतात. यूजीसीच्या दहा गुणांच्या पद्धतीत ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी 4 आणि एफ म्हणजे शून्य. 4 क्रेडिटच्या पेपरात ए प्लस आणि 2 क्रेडिटच्या पेपरात सी मिळाली, तर सरासरी 7 नाही. चार नवे छत्तीस, दोन पाचे दहा, सेहेचाळीस भागिले सहा: 7.67. म्हणून वेळ कमी असेल तर मोठ्या क्रेडिटच्या पेपरावर जीव टाका.

तुमच्याकडे नुसते मार्क असतील आणि मिसळायचेच असतील तर विद्यापीठ त्यांची ग्रेड स्वतःच्या कोष्टकानं करतं. किती मार्काला कुठली ग्रेड हे सगळीकडे सारखं नाही. तुमचे 58 एका ठिकाणी बी होतात, दुसऱ्या ठिकाणी बी प्लस. त्यावर वाद घालून उपयोग नाही, कोष्टक आधी बघून ठेवा एवढंच.

आणि क्लास गेला म्हणून किती रडायचं, तेही बघा. तलाठी किंवा एमपीएससीसारख्या परीक्षांना बहुतेक पदांसाठी पदवी असणं पुरतं, क्लास कुणी विचारत नाही. बी.एड.ला साधारण 50 टक्क्यांची अट असते, काही पदव्युत्तर प्रवेशांनाही टक्केवारी बघतात. तुम्हाला पुढे यातलं काय करायचं आहे त्यावर हा दीड टक्का महागात जाणार की नाही ते ठरतं. माझं काही अडलं नाही. पण 71 गेल्याचं दुःख ते दुःखच.

7. सीजीपीएचे टक्के

फॉर्मवर टक्केवारी मागतात आणि गुणपत्रकावर सीजीपीए असतो. लोक सरळ दहानं गुणतात किंवा दहावीच्या सीबीएसईचं साडेनऊ लावतात. दोन्ही चूक ठरू शकतं. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, कोष्टकात 6.75 ला 60 टक्के धरले आहेत, दहानं गुणलं तर साडेसदुसष्ट होतात. साडेसात टक्क्यांचा फरक! नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत एवढा फरक निघाला तर उमेदवारी जाते. तुमच्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं, नाहीतर परीक्षा विभागातून रूपांतराचं पत्र मिळतं. अर्जात त्याच सूत्रानं आकडा भरा आणि पत्राची झेरॉक्स जोडा.

8. फौजी, दोन डिग्र्यावाले आणि अमेरिकेतली मुलं

आपल्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत फौजी घराघरात. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचं तर नावच अपशिंगे मिलिटरी. अग्निवीर झालेल्या मुलांसाठी जून 2022 मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं इग्नूची खास पदवी जाहीर केली. त्यात निम्मी क्रेडिट सैन्यातल्या कौशल्य प्रशिक्षणाची धरली जातात आणि निम्मी अभ्यासानं मिळवायची. चार वर्षांनी परत येणाऱ्या मुलानं प्रशिक्षणाचे कागद युनिटमधून निघतानाच रीतसर घ्यावेत. सांगलीत बसून राजस्थानातल्या युनिटशी पत्रव्यवहार करणं म्हणजे वर्ष गेलं.

एकाच वेळी दोन डिग्र्या आता चालतात. एप्रिल 2022 पासून यूजीसीनं परवानगी दिली आहे. एक कॉलेजातली आणि एक दूरशिक्षणाची, किंवा दोन्ही दूरशिक्षणाच्या. पण एकाच पेपरची क्रेडिट दोन्हीकडे लावता येतील असं समजू नका, वरचा पासबुकाचा नियम आठवा.

तिसरं, आमच्या गल्लीतल्या एका मुलीला अमेरिकेत नवऱ्याकडे गेल्यावर तिथलं कॉलेज पुरं करायचं होतं. तिथली रीत माझ्या सेकंड क्लाससारखीच निघाली: बहुतेक कॉलेजं साधारण सी किंवा त्यावरची क्रेडिट घेतात, पण जुनी ग्रेड नव्या जीपीएत धरत नाहीत. जीपीए तिथे पहिल्या दिवसापासून नव्यानं सुरू होतो. आपली गुणपत्रकं मात्र आधी मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडून पेपरनिहाय तपासून घ्यावी लागतात, आणि त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून बंद लिफाफ्यात किंवा थेट ऑनलाइन जावं लागतं. तिचे वडील त्यासाठी चार वेळा कोल्हापूरला एसटीनं गेले. निघण्याआधीच हे काढून ठेवलं असतं तर एका फेरीत झालं असतं.

9. फी भरायच्या आधी हे पत्र द्या

तोंडी विचारू नका. साध्या कागदावर, विद्यापीठाच्या संबंधित विभागाच्या नावानं, अभ्यासकेंद्रामार्फत. मी आता सगळ्यांना हाच मजकूर देते:

"मी अमुक विद्यापीठातून अमुक साली अमुक अभ्यासक्रमाचे खालील पेपर उत्तीर्ण झाले आहे. गुणपत्रकं व अभ्यासक्रम सोबत जोडला आहे. आपल्या अमुक शिक्षणक्रमात प्रवेश घेण्याआधी खालील बाबी लेखी कळवाव्यात. यापैकी कोणत्या पेपरांना सूट मिळेल व किती क्रेडिट धरली जातील? सूट मिळालेल्या पेपरांचे गुण अंतिम निकालात व श्रेणीत धरले जातील का? अंतिम गुणपत्रकावर ते कसे दर्शवले जातील? सूट मिळालेल्या पेपरांचं शुल्क द्यावं लागेल का? शिक्षणक्रम पूर्ण करण्याची कमाल मुदत माझ्या बाबतीत केव्हापासून मोजली जाईल?"

शेवटचा प्रश्न लोक गाळतात. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्याची मुदत काही ठिकाणी तेवढीच कमी होते, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला एक वर्ष कमी म्हणजे फार कमी.

प्रवेशाची मुदत संपायच्या किमान दीड महिना आधी हे पत्र जायला हवं. उत्तर आलं नाही तर आठवड्यानं ईमेल, मग फोन. उत्तर उशिरा येणार असेल आणि मुदत संपत असेल, तर पुढच्या सत्राची वाट बघा. दूरशिक्षणाचे प्रवेश बऱ्याच ठिकाणी वर्षातून दोनदा होतात, जुलै आणि जानेवारीच्या सुमारास.

पत्राच्या दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. खिडकीतला माणूस "कशाला, राहू द्या" म्हणतो, तरी हसत हसत उभं राहायचं, शिक्का पडेपर्यंत. घरी आल्यावर ती प्रत, गुणपत्रकं आणि सिलॅबस एका झिपच्या प्लास्टिक पिशवीत, आणि पिशवी माळ्यावर, अगदी वरच्या फळीला. आमच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेघ अजून दिसते. पिशवी तिच्या वर हातभर अंतरावर आहे.